होडीखालची रेघ

१

दादाने फोनवर सांगितलं की त्याला मासे शोधायचं यंत्र घ्यायचंय, फार महागातलं नको, आणि मी बरोबर यावं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ दुकानातल्या स्टुलावर तशीच बसून राहिले. आमच्या घरात कुणी कधी मासा धरला नव्हता. दादा तर असा की मासा तडफडताना दिसला तर त्याला घास गिळवत नसे.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ‘असं नीट दिसतं की असं?’ हे दिवसभर विचारत राहायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे माणसाला काय दिसतं आणि काय दिसावंसं वाटतं, यातला फरक आपल्याला कळतो असा माझा समज होता.

दादा तलावाकाठच्या पंपघरात कामाला होता. शहराचं पाणी तिथून उचललं जातं. पंपघराच्या मागच्या क्वार्टरमध्ये तो आणि वहिनी राहायचे. मागचं दार उघडलं की उतार, उताराच्या टोकाला लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली वल्ह्यांची छोटी होडी. त्यांची एकुलती एक लेक भिंगरी. पोर एका जागी ठरत नसे म्हणून लहानपणीच हे नाव पडलं, आणि खरं नाव कॉलेजच्या हजेरीपुरतं उरलं. उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी ती होडी घेऊन गेली. संध्याकाळी होडी तेवढी परत आली, वाऱ्याने ढकलत आणलेली. आत तिच्या चपला होत्या, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

पाणबुडे आले. गळ टाकून तळ विंचरून काढला. मग एके दिवशी त्यांच्या साहेबाने दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आता थांबतो. तेव्हापासून ड्यूटी संपली की दादा होडी घेऊन तलावात जायचा आणि अंधार पडायच्या बेताला परत यायचा. तिथे तो काय करतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या दुकानासमोरच मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. दुकानदारांना आम्ही गळकाका म्हणतो. धंदा गळाचा असला तरी माणूस गळेपडू नाही. त्यांनी तीन यंत्रं काउंटरवर मांडली. एक चेंडूएवढं, पाण्यात सोडायचं आणि फोनवर चित्र बघायचं. एक मोठं, त्यात तलावाचा नकाशा, दोन्ही बाजूंचं दृश्य आणि तळाचं जवळजवळ फोटोसारखं चित्र. त्याची किंमत ऐकून आम्ही बहीणभाऊ एकदमच मागे सरलो. आणि मधलं एक, तळहाताएवढ्या पडद्याचं, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारं.

“नकाशा कशाला?” दादा म्हणाला. “तलाव मला पाठ आहे.”

गळकाकांनी त्याला मधल्या यंत्राची सगळी रीत समजावून सांगितली. होडीच्या मागच्या फळीला सेन्सर लावायचा. तो पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून वर येतो. पडद्याच्या उजव्या कडेला आत्ताचं दिसतं आणि ते हळूहळू डावीकडे सरकत जातं. खालचा जाड पट्टा म्हणजे तळ. मासा होडीखालून गेला की धनुष्यासारखी कमान उमटते. दादा पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखं ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

“न हलणारी गोष्ट यात दिसते का?”

गळकाकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या भिंगरीचं सगळ्यांना माहीत होतं.

“दिसते,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण तळाला टेकलेली असली तर वेगळी ओळखू येत नाही. नुसता उंचवटा वाटतो.”

“चालेल,” दादा म्हणाला, आणि यंत्राचा खोका त्याने दोन्ही हातांनी उचलला.

२

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी गेले. वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. ती शिवणकाम करते, पण त्या दिवसांत ती फक्त उसवायची आणि दुरुस्त करायची. नवं कापड तिने हातात घेतलं नव्हतं. भिंगरीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ते पूर्ण लावलेलंही वहिनीला सोसत नसे आणि पूर्ण उघडलेलंही. पंपघरातल्या पंपांची घरघर त्या घरात कायम भरलेली असायची. तिथे राहणाऱ्यांना ती ऐकू येत नाही. मला पहिला तासभर दुसरं काही ऐकू येत नसे.

दादाने यंत्र फार नीटनेटकं बसवलं होतं. बॅटरी प्लास्टिकच्या डब्यात, वायर फळीला खिळवलेली, पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. तो वल्ही मारत होता आणि मी पडद्यासमोर बसले होते. शेत नांगरावं तसा तो तलावावरून जात होता, एक फेरा इकडून तिकडे, मग जरा सरकून दुसरा तिकडून इकडे. मला काय दिसतं ते मी सांगत होते. तळ सपाट. इथे खड्डा. ही कमान, ही दुसरी कमान, ही बारकी. कितीतरी आठवड्यांनी तो मोकळेपणी बोलत होता. एकदा तर म्हणाला की एवढे मासे आपल्या नाकाखाली राहतात आणि आपल्याला पत्ता नाही, भाडंही देत नाहीत लेकाचे. मी हसले. तोही हसला, आणि मग त्याला त्या हसण्याची लाज वाटल्यासारखं झालं.

तलावाच्या मध्यापाशी पडद्यावर एक रेघ आली.

तळ आणि होडी यांच्या साधारण मधोमध, बारीक, सरळ. उजव्या कडेला उमटायची आणि न तुटता डावीकडे सरकत राहायची. मी दादाला सांगितलं की काहीतरी आहे, पण कमान नाही, रेघ आहे.

“कमान कधी होते?” त्याने विचारलं.

मी गळकाकांचं आठवून सांगितलं. मासा येतो आणि जातो, म्हणून कमान. येणं-जाणं नसेल, आपल्या खालीच राहिलं, तर रेघ.

दादा वल्ही मारत राहिला. होडीच्या दोन्ही अंगांनी पाणी मागे जात होतं, काठावरची झाडं मागे जात होती. आम्ही थांबलेलो नव्हतो. म्हणजे ती रेघ ज्याची होती ते आमच्याबरोबर चाललं होतं, आमच्याच चालीने.

पर्समध्ये मी चष्मा पुसायचं फडकं ठेवते. मी पडदा पुसला. मग माझा चष्मा पुसला. रेघ काचेवर नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी मी गळकाकांकडे गेले. त्यांनी शांतपणे कारणं सांगितली आणि प्रत्येक कारण मला पटलं. स्वस्तातल्या यंत्राला असं होतं. वायर बॅटरीजवळून गेली तर रेघ येते. वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी जिथे भेटतात तिथेही रेघ दिसते. मला तर तिथल्या तिथे हलकं वाटलं. तरी त्यांनी ते यंत्र मागून घेतलं, आपल्या होडीला लावलं आणि त्याच तलावात दिवसभर फिरवलं. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन ते खुर्चीत बसले.

यंत्र चांगलं होतं. रेघ कुठेच आली नव्हती.

त्यांनी मला एक गोष्ट करून बघायला सांगितली, होडी एकदम वळवायची. यंत्राचा दोष असेल तर रेघेला काही फरक पडणार नाही.

आम्ही ते केलं. यंत्र परत दादाच्या होडीला लागल्यावर रेघ पुन्हा आली होती, त्याच खोलीवर. मी खूण केली आणि दादाने एक वल्हं रोवून होडी गर्रकन वळवली. रेघ तुटली. पडदा रिकामा झाला, नुसता तळ. मला वाटलं, गेली एकदाची. मग उजव्या कडेला ती पुन्हा उमटली, आधी खालून तिरकी वर येत, मग सरळ. गप्पांच्या नादात वळणावरून सरळ पुढे गेलेल्या माणसाने मागे वळावं आणि घाईने आपल्याला गाठावं, तशी.

दादाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणायला हवं. मला मात्र पाय होडीच्या तळावर टेकवेनात. मी ते फळीवर उचलून घेतले.

हे ऐकल्यावर गळकाकांनी मोठं यंत्र काही दिवस वापरायला देऊ केलं, ते फोटोसारखं चित्र दाखवणारं. मी ते दादाकडे घेऊनही गेले. म्हटलं, एकदाचं काय ते बघून टाकू. ओंडका असेल, मोठा मासा असेल, काहीही असेल.

दादाने खोका उघडलाच नाही.

“नको,” तो म्हणाला. “यात रेघ दिसते, तेवढी मला पुरते. त्यात काय दिसेल, ते बघायची माझी तयारी नाही.”

दिसावं म्हणून लोक माझ्याकडे येतात. ‘इतकंच दिसू दे’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो माझा भाऊ होता. मी खोका परत नेला.

४

त्यानंतर दादा सुधारला. हा शब्द मला दुसऱ्यांकडून कळला. पंपघरातले लोक म्हणायला लागले की तो सुधारला. तो दाढी करायला लागला. जेवायला लागला. मला रोज संध्याकाळी फोन करायचा आणि त्याच्या आवाजात लहान मुलाला चालायला शिकवणाऱ्या बापाची घाई असायची. आज ती मधल्या खुणेपर्यंत आली. आज पाण्यावर तरंगणाऱ्या लाल पिंपाच्या अलीकडे आली. पाणी उथळ व्हायला लागलं की ती बुजते, मग मी थांबतो, वल्ही उचलून धरतो, जरा वेळाने येते. घाई करून चालत नाही.

तो ‘ती’ म्हणत होता. मीही त्याला अडवलं नाही. त्याच्या आवाजातली ती ऊब आमच्या घरात त्या दिवसांत दुसरीकडे कुठेच नव्हती.

एकदा मी न सांगता गेले. दादा तलावात होता. खिडकीतून त्याची होडी दिसत होती, धक्क्याकडे अगदी सावकाश येणारी. दोन वल्ही, मग थांबायचं. दोन वल्ही, मग थांबायचं. तो मागे पाण्याकडे वळून बोलत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण मान हलताना दिसत होती.

वहिनी कात्रीच्या टोकाने एक एक टाका उचलून तोडत होती. मी तिला विचारलं की तू कधी होडीत गेलीस का. ती नाही म्हणाली.

“तो तिला घरी आणतोय, असं त्याला वाटतं,” मी म्हटलं.

वहिनीने कात्री खाली ठेवली.

“ती पोहायची,” ती म्हणाली. “या काठावरून त्या काठाला. पाचवीत होती तेव्हापासून. तिला हा धक्का ठाऊक होता, हे दार ठाऊक होतं. माझी पोर वाट विचारत आली नसती गं.”

पंपांची घरघर चालू होती.

“ज्याला वाट दाखवावी लागते,” वहिनी म्हणाली, “ते भिंगरी नाही.”

त्या संध्याकाळी दादा आत आला तेव्हा त्याचे हात गारठलेले होते आणि चेहरा उजळलेला. रेघ धक्क्याच्या खांबापर्यंत आली होती. शेवटी शेवटी यंत्राला ती तळापासून वेगळी काढता येईना, इतकं पाणी कमी होतं. त्याने वहिनीला हे सांगितलं आणि ती काय म्हणते याची वाट बघितली. वहिनीने त्याच्यासमोर ताट ठेवलं, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आत निघून गेली.

५

भिंगरी सापडली ती तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

पाणी खाली गेलं होतं. पातळी मोजायला गेलेल्या लोकांना, जुन्या दगडखाणीच्या तोंडाशी, उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांत ती दिसली. पाय अडकला होता. डॉक्टरांनी सांगितलं की ती पहिल्या दिवसापासून तिथेच असणार, तिथून हलणं शक्यच नव्हतं. खडकांमुळे त्या भागात होड्या जात नाहीत. दादाही कधी गेला नव्हता.

ओळखायला वहिनी गेली. तिने कपड्याचा काठ बोटांत धरून उलटा केला, स्वतःचे टाके पाहिले आणि हो म्हणाली. मग तिने विचारलं की हे सुकवून मिळेल का.

शेवटचं सगळं आम्ही उरकलं. माणसं आली, गेली. घरात आम्ही तिघंच उरलो तेव्हा दुपार होती. वहिनी कप विसळत होती. दादा टेबलाशी बसला होता, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्यासारखा. तो रडला नव्हता. मला वाटत होतं की आता रडेल, आणि मी त्याच्या जवळच्या खुर्चीवर सरकून बसले.

“मग इतके दिवस मी कुणाला घेऊन येत होतो?” त्याने विचारलं.

वहिनीने नळ बंद केला. मागच्या दाराच्या काचेतून धक्का दिसत होता. होडी बांधलेली होती आणि पाणी अगदी स्वच्छ, हलत नव्हतं. आम्ही तिघंही तिकडे बघत होतो, आणि तिघांपैकी कुणालाच पहिल्यांदा नजर काढून घ्यायची नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने ठरवलं की होडीखालून जे काही आलं होतं, ते तलावात परत नेऊन सोडायचं. वहिनीने नको म्हटलं. मी कारणं सांगितली, गळकाकांची सगळी कारणं, वायर, गार पाणी, सगळं. त्याने ऐकून घेतलं.

“मी आणलंय,” तो म्हणाला. “मीच सोडून येतो.”

लख्ख ऊन होतं. मी धक्क्याच्या टोकाशी उभी राहिले. त्याने यंत्र चालू केलं, दोर सोडला आणि धक्क्याला पाठ करून निघाला. जाताना तो नेहमीसारखा थांबत थांबत गेला, दोन वल्ही आणि थांबणं. पण या वेळी तो पाण्याशी बोलत नव्हता. त्याचा आकार लहान होत गेला. मध्यावर पोचल्यावर तो वाकून पडदा बघत बसला. मग त्याने होडी एकदा डावीकडे फिरवली, एकदा उजवीकडे. आणि उभा राहून दोन्ही हात वर केले.

“नाही,” त्याचा आवाज पाण्यावरून आला. “कोरं आहे. काही नाही.”

मग तो खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले. एवढ्या लांबूनही कळत होतं की तो रडतोय, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, सगळे दिवस साठलेलं. माझेही डोळे भरून आले. मी खाली मान घातली.

धक्क्याच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी आहेत. खालचं पाणी उथळ, गोटे दिसतील इतकं नितळ. माझ्या पायाखालच्या फळीला खालून काहीतरी लागलं. लाट लागते तसं नाही. थोपटल्यासारखं. मी खाली बघितलं तेव्हा फटीत ओलं, फिकट काहीतरी होतं, फळीच्या खालच्या अंगाला सपाट टेकलेलं. मला तळहात वाटला. मी दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि जे दिसत नाही ते नाही म्हणा असं सांगते, म्हणून इथे सांगते: बोटं मला दिसली नाहीत. जे दिसलं ते उचललं गेलं आणि पुढच्या फळीला टेकलं. थोपटलं. मग त्याच्या पुढच्या. आंधळ्या माणसाने भिंत चाचपत दार शोधावं, तसं ते एक एक फळी चाचपत सरकत होतं.

तलावाकडे नाही. घराकडे.

त्याला दादाच्या मागे जायचंच नव्हतं. त्याला जिथे आणलं होतं, तिथे ते आलं होतं.

दादा परत येईपर्यंत मी जागची हलले नाही. तो आला तेव्हा त्याचा चेहरा सुजलेला आणि रिकामा होता, आणि कितीतरी महिन्यांनी तो माझ्या भावासारखा दिसत होता. त्याने मला विचारलं की इतकी पांढरी का पडलीस. मी म्हटलं, ऊन लागलं. त्या दुपारी तो भिंगरीच्या खोलीत गेला, तिच्या पलंगावर आडवा झाला आणि झोपला. वहिनीने उंबऱ्यात बसून त्याला झोपलेलं बघितलं.

मी त्यांना तिथे ठेवलं नाही. माझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांना घेऊन आले. भांडले, रडले, माझीच तब्येत बरी नसते असंही सांगितलं. दादाने बदली घेतली. वहिनी आता नवं कापड शिवते, थोडं थोडं. संध्याकाळी दादा खाली दुकानात येऊन माझ्याजवळ बसतो. भिंगरीचं बोलतो. तिचं हट्टीपण, तिचं खिदळणं. रडू आलं तर रडतो. यापेक्षा चांगलं काही होईल अशी आशा मी केली नव्हती.

गेल्या आठवड्यात पंपघरातला नवा माणूस चष्मा करायला आला. दोन लहान मुलींचा बाप, बोलका. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत होता. मी तपासणीची फ्रेम त्या माणसाच्या नाकावर ठेवता ठेवता, सहज विचारल्यासारखं विचारलं की क्वार्टर कशी आहे. छान आहे म्हणाला. मग आठवल्यासारखं म्हणाला की लाकूडकाम जरा जुनं झालंय. आधी धक्क्याच्या फळ्या वाजायच्या. आता तिथलं बंद झालंय, पण मागच्या दाराच्या पायरीखालून वाजतं. उंदीर असतील.

मी हातातली काच ट्रेमध्ये ठेवली. मी मुलींना मागच्या बाजूला जाऊ देऊ नका, पायऱ्या सडलेल्या आहेत, असं काहीतरी बोलले. तो बरं म्हणाला, त्याने चष्म्याची फ्रेम निवडली आणि गेला.

दादा दाराकडे बघत बसला होता. त्याला मी धक्क्यावरचं काही कधीच सांगितलं नव्हतं.

“इतक्या जवळ येऊनसुद्धा,” तो म्हणाला, “अजून दार सापडलं नाही बिचाऱ्याला.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात भीतीचा मागमूस नव्हता.